दोन पानांवर एकच बाई

मी आयुष्यात एकदाच छापून आले, आणि तेही गोल म्हणून. नाव नाही, गाव नाही, तोंड नाही. बारीक रेघेचा गोल, साबुदाण्याएवढा. हैदराबादच्या एका डॉक्टरानं रक्ताच्या आजारांवर इंग्रजीत लिहिलं, त्यात तो आहे. खरं म्हणजे दोन गोल आहेत, दोन वेगळ्या पानांवर, आणि दोन्ही मीच आहे. हे तिघांनाच माहीत होतं. त्यातले दोघे गेले. मी राहिले, म्हणून लिहिते. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा माझ्याकडं डॉक्टरी शब्द मागू नयेत.

त्या डॉक्टरानं पुढं पुष्कळ लिहिलं म्हणतात. शरीर परक्या रोगाशी लढायचं सोडून आपल्याच रक्तावर उठतं, अशा आजारांवरही लिहिलं. ते मला कळत नाही. मला एकच आजार कळतो, कारण तो माझ्या घरात होता.

आम्ही नांदेडचे. वडील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. काम सगळं उर्दूत. माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो रांगायला लागला तसे त्याच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. पाटाची कड लागली की डाग, कुणी दंडाला धरून उचललं की बोटांचे पाच डाग. शेजारणीला वाटायचं आई मारते. आई काही बोलायची नाही. तिचे दोन भाऊ असेच गेलेले. एक कान टोचल्यावर, एक दात पडल्यावर. दोघांचंही रक्त थांबलं नाही. आमच्या घरात त्याला ‘पातळ रक्त’ म्हणायचे आणि तेही दार लोटून.

भावाचा गुडघा पहिल्यांदा सुजला तेव्हा वडिलांनी मुदखेडहून एक हाडवैद्य आणला. त्यानं तीन दिवस गरम तेलानं चोळलं, विटेचा शेक दिला. गुडघा भोपळ्याएवढा झाला आणि नंतर कधी सरळ झाला नाही. तेव्हापासून आईनं ठरवलं, चोळायचं नाही, शेकायचं नाही. पाय लोडावर उंच ठेवायचा, माठातल्या पाण्याची घडी ठेवायची, पोराला हलू द्यायचं नाही. कुठं कापलं तर अंगठ्यानं दाबून बसायचं. अंगठा उचलून बघायचं नाही. बघितलं की पुन्हा सुरू. आईच्या मागं घरचं काम असायचं म्हणून अंगठा माझा असायचा. एकदा ओठ फुटला तेव्हा सकाळी बसले ते दिवे लागेपर्यंत. पाणी पण आईनंच पाजलं.

मी बारा वर्षांची असेन, तेव्हा तो डॉक्टर आमच्याकडं आला. नांदेडच्या दवाखान्यातून त्याला कळलं होतं. तरणाच होता, टोपी काढून ओसरीवर बसला. मराठी बोलायचा, पण मध्येच हैदराबादचं यायचं. त्यानं भावाच्या आणि पडताळ्याला माझ्या दंडातून रक्त काढलं, दोन बारीक काचेच्या नळ्यांत भरलं आणि त्या नळ्या मुठीत धरून बसला. अंगाची ऊब लागली पाहिजे, म्हणाला. मग माझ्याकडं बघून विचारलं,

“घड्याळ बघता येतं?”

“हाव.”

“मग ह्ये धर. अर्धा मिनिट झाला की बोल. मी नळी तिरपी करतो. रक्त हललं न्हाई की झालं.”

आधी त्यानं माझी नळी बघितली. माझं लवकर धरलं. दह्यासारखं बसलं, नळी उलटी केली तरी हललं नाही. मग भावाचं. मी ‘झाला’, ‘झाला’ म्हणत राहिले. डॉक्टरानं चहा घेतला, वडील कचेरीत जाऊन परत आले, आईच्या भाकरी झाल्या, तरी नळीतलं रक्त पाण्यासारखं इकडून तिकडं. माझा घसा कोरडा पडला. डॉक्टर मला म्हणाला, “तुझं रक्त चांगलं हाय, बेटा.” ते मी धरून ठेवलं. आपलं रक्त चांगलं, विषय संपला.

मग त्यानं घरातली माणसं लिहून घेतली. विचारायचा वडिलांना, उत्तर यायचं दाराआडून आईकडून, आणि ते पुन्हा वडील सांगायचे. आईचे मेलेले भाऊ सांगताना वडील अडखळले. डॉक्टर म्हणाला, “नावं छापत नसतो आम्ही. आकडे घालतो.” वडिलांनी ते तीनदा वदवून घेतलं.

सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं, लातूरला. सासऱ्यांची गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. बघायला आलेल्यांनी भावाचा पाय विचारला तेव्हा वडील म्हणाले, “झाडावरून पडला.” मी आत पोहे परतत होते, ऐकलं. भाऊही ऐकत होता. तो आयुष्यात कधी झाडावर चढला नव्हता. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं आणि नांदेडचं नाव तिथं संपलं. पुढं माहेरचं माणूस सोडलं तर त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. तसं सगळ्यांचंच होतं, त्यात दुःख करण्यासारखं काही नव्हतं.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. उंच बाई, अक्षरओळख नाही, पण धान्याच्या राशीत हात घालून ओल किती आहे ते सांगायची. सासरे खरेदीआधी मूठभर ज्वारी घरी आणायचे, आत्याबाईंनी दाताखाली चावून बघितल्याशिवाय सौदा करायचे नाहीत.

मला मुलगा झाला. आठव्या महिन्यात रांगायला लागला आणि एक दिवस न्हाऊ घालताना त्याच्या मांडीवर निळा डाग दिसला. मी टॉवेलनं पुसून बघितला. पुसला जाणार नाही हे माहीत होतं. लातूरचा डाग नांदेडच्या डागासारखाच होता. माझं रक्त दह्यासारखं बसलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी हा डाग इथं कसा, हे मला कळेना.

वर्षाचा झाल्यावर उंबऱ्याला अडखळला आणि गुडघा सुजला. आत्याबाई वाटीत तेल कोमट करून घेऊन आल्या.

“दे इकडं. चोळून देते. रात्रीतून उतरंल.”

“नको. चोळायचं न्हाई.”

“मग काय करून राहिलीस?”

“गार पाण्याची घडी ठेवून राहिले.”

“सुजल्याला गार? लई शहाणी. कुठं शिकलीस?”

“असंच.”

आत्याबाई वाटी घेऊन उभ्या राहिल्या. मी पाय उशीवर ठेवला, घडी बदलली, पोराच्या छातीवर हात ठेवून त्याला हलू दिलं नाही. त्या बराच वेळ बघत होत्या. मग वाटी घेऊन गेल्या, आणि ते तेल त्यांनी आपल्याच टाचांना लावलं. आमच्या घरात काही वाया जात नसे.

पुढं त्याची जीभ दाताखाली आली. अंगठ्यानं दाबता येईल अशी ती जागा नव्हती. तीन दिवस थुंकी लाल. गावातला दवाखान्याचा डॉक्टर रोज यायचा. म्हातारा, देगलूरकडचा, मराठीत तेलुगू कालवून बोलायचा, माणूस चांगला. रक्त एकदाचं थांबलं तेव्हा तो म्हणाला, “अम्मा, असल्या पोरांवर हैदराबादला एक डॉक्टर काम करून राहिला. त्याला कळवतो.”

तो मोटारीनं आला. धुळीनं भरलेला. टोपी काढून बसला आणि मी ओळखलं. केस मागं सरकले होते, चष्मा आला होता, पण नळ्या मुठीत धरायची तऱ्हा तीच. मी डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण ओळखलं नाही. त्याचं लक्ष माणसाच्या तोंडाकडं नसायचंच, दंडाकडं असायचं. नांदेडची परकरातली पोर आणि लातूरची नऊवारीतली सून त्याला एक वाटायचं कारणही नव्हतं. घड्याळ या वेळी त्यानं गावातल्या डॉक्टराच्या हातात दिलं. तो म्हातारा सारखा चुकायचा. मी दाराशी मनात मोजत होते, माझं बरोबर यायचं.

नळी ठेवून त्यानं कागद काढला. खोलीत सासरे होते, आत्याबाई होत्या, माझा नवरा, धाकटा दीर, गावातला डॉक्टर. सासरच्या सात पिढ्या सासऱ्यांनी घडाघडा सांगितल्या. कुणाला असलं काही नव्हतं. मग तो माझ्याकडं वळला.

“बाई, तुमचं नाव?”

आत्याबाईंनी सांगितलं. तांदळावरचं.

“माहेरी असं कुणाला झालं होतं? भावाला, मामाला?”

आमच्या गल्लीत दोन घरांत दुसऱ्या बायका आणलेल्या होत्या. एका घरी पहिलीला मूल होत नाही म्हणून, दुसऱ्या घरी पहिली खोकते म्हणून. खोकणारी मागच्या सोप्यात राहायची, तिच्या पोरांना नवी आई न्हाऊ घालायची. मला पाठवून दिलं असतं तर पोरगं त्यांनी ठेवून घेतलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचा गुडघा चोळला असता. मी तेवढाच विचार केला.

“न्हाई,” मी म्हटलं.

“भाऊ हाय?”

“हाय एक. त्याला असलं काही न्हाई.”

“मामा?”

“लहानपणी गेले. पटकीत.”

त्यानं लिहून घेतलं. माहेरचं गाव कोणतं, ते विचारलं नाही. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मी जमिनीकडं.

दोनएक वर्षांनी गावातला डॉक्टर हातात कागदांचं एक पातळ बाड घेऊन आला. छापील, इंग्रजी. त्याच्या चेहऱ्यावर स्वतःच्या मुलाचं लग्न जमल्यासारखा आनंद. त्यानं सासऱ्यांना बोलावलं, सगळ्यांना बसवलं आणि मराठी करून सांगितलं. यात आपलं घर आलंय. लातूरचं घर. मोठ्या डॉक्टरानं असं लिहिलंय, की बहुतेक ठिकाणी हा आजार आईकडून मुलाकडं येतो, पण लातूरच्या या घरात आईच्या बाजूला कुणालाच नाही. म्हणजे इथं तो आपोआप उपजला. शेतात एखादं झाड कुणी न लावता उगवतं तसा.

“म्हणजे कुणाचा दोष न्हाई?” सासऱ्यांनी विचारलं.

“कुणाचाच न्हाई, सावकार. छापलंय.”

मी चहा घेऊन गेले तेव्हा ते बाड जाजमावर उघडं पडलं होतं. दोन पानांवर चित्रं होती, चौकोन आणि गोल, रेघांनी जोडलेले. मी डॉक्टरांना विचारलं, “ह्ये काय?”

“चौकोन म्हणजे पुरुष, अम्मा. गोल म्हणजे बाई. काळा भरला तो आजारी.”

मला इंग्रजी येत नाही. पण हे वाचायला इंग्रजी लागत नव्हतं. उजव्या पानावर आमचं घर. एक चौकोन, एक गोल, खाली एक काळा चौकोन, माझा मुलगा. गोलाच्या डोक्यावर काहीच नव्हतं. आई नाही, बाप नाही, जशी मी आभाळातूनच पडले होते. डाव्या पानावर मोठं घर. वर दोन काळे चौकोन, शेजारी एक गोल. त्या गोलाखाली ओळीनं गोल, काळा चौकोन, पुन्हा गोल. मी मोजलं. आई, तिचे गेलेले दोन भाऊ, मग मी, मग भाऊ काळा, मग धाकटी बहीण. सगळं बरोबर. मी तिथं पहिली होते, रेघेच्या टोकाला. माझ्याखाली काही नव्हतं. रेघ तिथंच संपत होती.

ती रेघ पुढच्या पानावर जायला हवी होती.

आणि चहाचा पेला हातात असतानाच मला दुसरं कळलं. काळा चौकोन दर वेळी गोलाखालीच लटकत होता. रोग पुरुषाला, पण वाट बाईतून. गोल मात्र पांढरा. माझं रक्त दह्यासारखं बसलं त्यात काही अर्थ नव्हता. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आईलाही सांगितलं नव्हतं. छापून मात्र ठेवलं होतं, ज्या भाषेत आम्ही दोघी वाचू शकत नव्हतो.

आठवड्यानं आत्याबाईंनी माझ्या हातात ज्वारीचं सूप दिलं, स्वतः दुसरं घेतलं आणि निवडायला बसल्या. म्हणाल्या,

“तुझी धाकटी किती वर्षांची?”

“पंधरा सरलं.”

“आपल्या धाकट्याला करून घ्यावी म्हणते. तू हाईस तशीच असंल ना? कामाला तू वाईट न्हाईस. दोघी बहिणी, भांडणार तरी किती. उद्या नांदेडला कागद टाकायला सांगते.”

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वडील ऐकताक्षणी कबूल झाले असते. आई दाराआड उभी राहिली असती आणि तिनंही काही सांगितलं नसतं, माझ्या वेळी सांगितलं नव्हतं तसंच. मग धाकटी इथं येणार, तिला मुलगा होणार. तो धड निघाला तर बरं, नाही तर एका घरात दोन लोड, दोन गुडघे. आणि तेव्हा कुणीही अडाणी माणूस विचारील, की शेतात एक झाड आपोआप उगवलं, तर शेजारी लगेच दुसरं कसं उगवलं?

सांगितलं तर धाकटी वाचणार आणि मी जाणार. मला तेव्हा तिसरा महिना होता. मी दोन दिवस घेतले. दोन दिवसांत काही वेगळं सुचलं नाही. कागद मात्र अजून टाकला नव्हता, दीर पोस्टात जायचा कंटाळा करत होता.

तिसऱ्या दिवशी पुन्हा ज्वारी निवडत होतो. मी म्हटलं,

“आत्याबाई, कागद टाकू नका.”

“का गं?”

“माझा भाऊ झाडावरून पडला न्हाई.”

त्यांचा हात सुपात चालूच राहिला.

“दोन मामा पटकीनं गेले न्हाईत. एक कान टोचताना गेला, एक दात पडताना. पोराला ह्ये माझ्याकडून हाय. धाकटीकडून पण येईल. येईलच असं न्हाई, पण येईल.”

“डॉक्टरानं तर आपोआप म्हटलंय.”

“मी खोटं सांगितलं म्हणून त्यानं खोटं लिहिलं.”

आत्याबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या,

“गुडघा सुजला त्या दिवशीच मला कळलं हुतं.”

“कसं?”

“पयल्यांदा पोरगं आजारी पडलं की बाई घाबरती. रडती, देवाला बोलती, सासूला इचारती. तू इचारलं न्हाईस. तुझे हात अशे चालले जशी रोजची भाकर थापून राहिलीस. म्हटलं, हिनं ह्ये आधी केलंय. कुणाचं तरी केलंय.”

“मग बोलला का न्हाई?”

“बोलणार हुते. मग त्यो कागद आला. एवढा हैदराबादचा शिकलेला माणूस, नळ्या लावून, घड्याळ लावून बघून गेला, वर छापून आलं. म्हटलं आपलेच डोळे फुटले असतील.” त्यांनी सूप पाखडलं. “ज्वारी चावून सांगते मी, ओली का कोरडी. कुणी उलटं छापून दिलं असतं तर ते पण सोडून दिलं असतं का काय कुणास ठाऊक.”

पुढं काय ते मला ऐकायचं होतं.

“आता ह्ये पोटातलं?” त्यांनी विचारलं.

“मुलगी झाली तर सुटली. मुलगा झाला तर छापा का काटा.”

“हूं.”

“मला पाठवणार का?”

“तुला पाठवून त्या पोराचा गुडघा कोण बघंल? मी? मी तर चोळून मारलं असतं.” मग त्या उठल्या आणि पदर झाडला. “पुरुषांना ह्ये सांगायचं काही कारण न्हाई. ते गंजात बोलत्यात.”

सासऱ्यांना त्यांनी सांगितलं, की दोघी सख्ख्या बहिणी एका घरात लाभत नाहीत असं जोशी म्हणाला. जोशाला कुणी विचारलं नव्हतं. सासऱ्यांनी मान डोलावली आणि दिराला निलंग्याची मुलगी केली. माझ्याशी मात्र आत्याबाई चार महिने कामापुरतंच बोलल्या. मी खोटं बोलले त्याचं त्यांनी तेवढ्यावर भागवलं. मी तक्रार केली नाही.

मला मुलगी झाली. आत्याबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मुलगी झाल्यावर पेढे वाटलेले गल्लीनं पाहिले नव्हते. समोरची बाई म्हणाली, “म्हातारीचं डोकं फिरलं का काय?” आत्याबाई म्हणाल्या, “खा गुमान. गोड हाय ना?”

बाळंतपणाला मी नांदेडला होते, तेव्हा आईला सांगितलं, धाकटीचं जमवताना भावाचं सांगून द्या. आई म्हणाली, “मग तिला कोण करंल?” मी म्हटलं, “जो ऐकून करील तो.” आई माझ्याशी पाचवीपर्यंत बोलली नाही. दोन ठिकाणांनी ऐकून नकार दिला. तिसऱ्यानं केलं. बिजवर, मुदखेडला रेल्वेत नोकरी, पहिल्या बायकोचे दोन मुलगे. धाकटी मला मांडवात म्हणाली, “तुझ्या खरेपणाला मी बळी गेले, आक्का. तुझ्या वेळी कुणी खरं बोललं न्हाई, तुला बरं घर मिळालं.”

हैदराबादचा डॉक्टर त्याच वर्षी पुन्हा आला, मुलाला बघायला. आत्याबाईंनी पुरुषांना सांगितलं, “तुम्ही जरा गंजात जाऊन या. पोरगं तुम्हाला बघून हलतंय.” ते गेले. गावातल्या डॉक्टरांना त्यांनी आतल्या खोलीत जेवायला बसवलं. मग स्वतः दाराशी पाट घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, “बोल आता.”

मी त्याला म्हटलं, “डॉक्टरसाहेब, नांदेडच्या ओसरीवर एका पोरीच्या हातात तुम्ही घड्याळ दिलं हुतं. अर्ध्या मिनिटाला ‘झाला’ म्हणायला.”

त्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

“ती तू?”

“मीच. डाव्या पानावर पण मीच, उजव्या पानावर पण मीच.”

त्यानं पिशवीतून आपली प्रत काढली. दोन्ही पानं उघडून मांडीवर ठेवली. तो रागावला नाही, पण त्याचं तोंड उतरलं. आजार आपोआप उपजतो हाच तर त्याचा मुद्दा होता, आणि तो आमच्या एका घरावर उभा होता. आजार तसा खरंच उपजतो, असं पुढं दुसऱ्यांनी दुसऱ्या घरांवरून दाखवलं म्हणे. ते असेल. आमच्या घरावरून ते खरं नव्हतं.

“ह्ये मी मोठमोठ्या लोकांपुढं वाचलं, बाई,” तो म्हणाला. “खोटं का बोललीस?”

“तुम्ही मला विचारलं तेव्हा खोलीत कोण कोण हुतं, ते लिहिलंय का यात?”

दाराशी आत्याबाई हसल्या. त्या हसल्या की नुसतं नाक वाजायचं.

त्यानं शाईचा पेन काढला. डाव्या पानावरच्या माझ्या गोलापासून रेघ काढली, ती घडीवरून उजव्या पानावर नेली आणि तिथल्या गोलाला जोडली. शाई घडीत थोडी फुटली. मग त्यानं माझी मुलगी विचारली आणि काळ्या चौकोनाशेजारी एक गोल नवा काढला. पुढच्या वेळी छापताना दुरुस्त करतो, म्हणाला. केलं की नाही मला माहीत नाही. मुलगा माझा पुढं बारा वर्षांचा होऊन गेला. ते इथं लिहायचं नाही.

माझ्या गोलात त्यानं मधोमध एक टिंब दिलं. हिच्यातून गेला अशी ती खूण, असं त्यानंच सांगितलं. आईच्या गोलात दिलं. मग पेन धाकटीच्या गोलावर धरून थांबला.

“आणि ही?”

“तिचं लग्न झालं. मुदखेडला.”

“हिच्यात काय देऊ? रक्त तपासून हे कळत न्हाई आम्हाला अजून.”

“काही देऊ नका,” मी म्हटलं. “मोकळा ठेवा. ती अजून बाळंत व्हायची हाय.”